वाई पायी बघताना : घाट, आळ्या आणि कृष्णा (पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी)

वाई महाबळेश्वरच्या वाटेवर आहे आणि हेच वाईचं दुखणं आहे. पुण्याहून निघालेली गाडी ढोल्या गणपतीपाशी वीस-पंचवीस मिनिटं थांबते, नारळ-फुलं होतात, एखादा फोटो होतो आणि गाडी पसरणीचा घाट चढायला लागते. तेवढ्यात दिसतो तो एक मोठा गणपती आणि गाड्या लावायची धांदल. वाई दिसत नाही. देवळांची यादी करून ती एकेक उरकली तरी दिसत नाही, कारण इथं देऊळ सुटं नसतं. आळी, तिचा घाट, घाटावरचं देऊळ आणि आळीतले वाडे मिळून एक घडण आहे, आणि ती नदीच्या बाजूनं, पायी, सावकाश चाललं तरच उलगडते. त्यासाठी वाईला एक पूर्ण दिवस हवा, जमल्यास एक मुक्काम. तो दिवस कसा लावायचा, कोणत्या क्रमानं काय बघायचं आणि कुठं फसायला होतं, ते पुढं दिलं आहे.

पायरी १ : दिवस आणि ऋतू निवडा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पाऊस संपलेला असतो, नदीत पाणी असतं, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात आणि समोर पाचगणीच्या पठाराची सपाट रेघ स्वच्छ दिसते. थंडी पहाटे चांगलीच बोचते, स्वेटर लागतो.

पावसाळ्यात वाई सुंदर दिसते, पण घाट बघायला आलात तर हिरमोड होईल. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात, मोठ्या पुरात तर देवळांच्या पायापर्यंत पाणी येतं. यात एक गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. वाईचा पाऊस आणि कृष्णेचं पाणी यांचा मेळ असेलच असं नाही. पाऊस कोसळतो तो वर महाबळेश्वरला आणि जोर गावाच्या खोऱ्यात. वाई त्या मानानं कोरडी. वाईच्या वरच्या अंगाचं धोम धरण भरलं की दरवाजे उघडतात आणि गावात ऊन असतानाही नदी चढते. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर, पाणी शांत दिसलं तरी खालच्या पायऱ्यांवर बसून राहू नये. विसर्गाचा इशारा दिला असेल तर घाटावर उतरूच नये.

एप्रिल-मेमध्ये अडचण वेगळी असते. पाणी कमी, काही ठिकाणी साचलेलं, त्यावर जलपर्णी किंवा शेवाळ. शिवाय देवळांच्या आवारातली फरशी दुपारी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. उन्हाळ्यातच यायचं असेल तर पाहणं सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ठेवा.

वारांपैकी शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला गणपती आळीत पाय ठेवायला जागा नसते. दर्शनासाठी यायचं असेल तर गोष्ट निराळी.

पायरी २ : पोचायचं कसं

पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर, साताऱ्याहून ३५, पाचगणीहून १२-१३. पुणे-सातारा महामार्गावर गाव नाही. पुण्याकडून येताना खंबाटकी घाट उतरल्यावर पुढं सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, साताऱ्याकडून येताना पाचवडला डावीकडे. दोन्हीकडून पुढं दहा-बारा किलोमीटर. लांबच्या सुट्ट्यांत खंबाटकीत तासन्‌तास गाड्या अडकतात, म्हणून पुण्याहून पहाटे सहाच्या आत निघणं हा एकच खात्रीचा उपाय.

एसटीनं येणं सर्वांत सोपं. स्वारगेटहून पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या वाईवरून जातात. कोल्हापूर, सांगली किंवा कराडची गाडी मात्र वाईत येत नाही, ती महामार्गानं सरळ जाते. त्यात बसलात तर फाट्यावर उतरून वडाप (माणशी भाडं घेणारी जीप) शोधावं लागेल. रेल्वेनं येणाऱ्यांना वाठार किंवा सातारा ही स्टेशनं आहेत. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला जाणारे वाठारलाच उतरत आणि वाईमार्गे घाट चढत. पण आज पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला रेल्वेचा खटाटोप परवडत नाही, कारण पुढचा ३५ किलोमीटरचा प्रवास उरतोच.

स्वतःची गाडी असेल तर ती गणपती आळीत नेऊ नका. रस्ते वाड्यांच्या काळातले आहेत, समोरून एक टेम्पो आला की दोघेही अडकतात. गाडी अलीकडेच मोकळ्या जागी लावा आणि चालत जा. बघण्यासारखं सारं गाव चालत दोन-अडीच तासांत होतं.

पायरी ३ : आधी गावाची घडण समजून घ्या

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, जोरच्या खोऱ्यातून उतरते, धोमला अडते, मेणवलीवरून वाईला येते. पुढं माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना तिला मिळते. म्हणजे कृष्णाकाठचं पहिलं मोठं गाव वाई. नदी इथं अजून लहान आहे. पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक ऐकू जाईल एवढंच पात्र. म्हणूनच ती गावाच्या घरातली वाटते आणि गाव तिला ‘कृष्णाबाई’ म्हणतं.

नदीकाठी सात आळ्या आहेत : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येक आळीला आपला घाट आणि प्रत्येक घाटाला आपली देवळं. बाहेरचा माणूस ‘घाट कुठं आहे’ म्हणून विचारतो, तेव्हा त्याला हमखास गणपती घाटावर पाठवलं जातं आणि बाकीचे सहा राहून जातात. विचारताना आळीचं नाव घेऊन विचारा.

या सात आळ्यांचा एकत्र धागा म्हणजे कृष्णाबाईचा उत्सव. परंपरा अशी सांगते की अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून आला आणि वाईत तळ देऊन बसला, तेव्हा हे संकट टळू दे, तुझा उत्सव करू, असा नवस इथल्या शेंडे शास्त्रींनी कृष्णामाईला केला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला, आणि नवस फेडायचा म्हणून उत्सव सुरू झाला. खानाचा वाईशी संबंध त्या एका स्वारीपुरता नव्हता. आदिलशाहीचा सुभेदार म्हणून तो त्याआधी दहा वर्षं याच मुलखावर होता. नवसामागची धास्ती त्यामुळं समजते.

उत्सव एकाच वेळी साऱ्या गावात होत नाही. हिवाळ्यात सुरू होऊन फाल्गुनापर्यंत तो आळीआळीनं पुढं सरकतो. प्रत्येक आळी आपल्या घाटावर मांडव घालते, कृष्णाबाईची मूर्ती बसवते, कीर्तनं-प्रवचनं, हळदीकुंकू, पालखी, महाप्रसाद होतो आणि मग पुढच्या आळीची पाळी येते. तारखा तिथीनुसार ठरतात, म्हणून दरवर्षी बदलतात. जानेवारी ते मार्चमध्ये येणार असाल तर ‘सध्या कोणत्या आळीची कृष्णाबाई बसली आहे’ एवढं विचारा, कुणीही सांगेल. त्या काळात कीर्तनाच्या वेळी घाटावर बसायला मिळालं तर बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.

पायरी ४ : सकाळ घाटावर

सहा-साडेसहाला घाटावर असावं. उन्हं कलती असतात, दगडी पायऱ्यांच्या कडा उठून दिसतात, देवळांत काकडआरती-पूजा चालू असते आणि गर्दी पोचलेली नसते. नऊनंतर पहिल्या गाड्या येऊ लागतात.

क्रम असा ठेवा. आधी गावातल्या पुलावरून नदीचा हा पट्टा दोन्ही बाजूंनी पाहून घ्या. घाट, त्यावरची शिखरं, मागं वाड्यांची कौलं आणि त्यामागं डोंगर हा थर इथूनच कळतो. मग गणपती घाटावर उतरा.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती एकाच दगडातली, गुडघे उंचावून उकिडवी बसलेली आणि आकारानं एवढी की ‘ढोल्या’ हे नाव आपसूक पडलं. बहुतेक जण दर्शन घेऊन त्याच दारानं परततात. तुम्ही देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. भिंत सरळ नाही. ती नावेच्या नाळेसारखी, गावात म्हणतात तशी माशासारखी, मधोमध निमुळती होत गेली आहे. हे सजावटीसाठी नाही. देऊळ पात्राला अगदी लागून असल्यानं पुराचा लोंढा त्यावर आदळणार हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. सपाट भिंतीवर पाण्याचा सगळा दाब एकदम येतो. निमुळत्या भिंतीवर पाणी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी सरकून जातं. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या भिंतीनं असेच सोसले आहेत. वाईत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर मूर्तीच्या जोडीनं ही भिंत बघा.

जवळच काशीविश्वेश्वर. हे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांचं, १७५७ सालचं. भोवती भक्कम तट, आत दीपमाळा आणि मंडपात काळ्या दगडाचा नंदी. नंदीपाशी पाच मिनिटं द्या. गळ्यातल्या माळा, घंटा, पाठीवरची झूल हे सगळं त्याच दगडात कोरलेलं आहे आणि दगड इतका घोटलेला आहे की हात फिरवायचा मोह होतो. मोह आवरावा, कारण तेल-कुंकवाच्या बोटांनी दगडाची झिलई जाते.

१७५७ आणि १७६२ या दोन सालांच्या मध्ये पानिपत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी तिथं पडलेला विश्वासराव हा गोपिकाबाईंचा मुलगा, आणि गोपिकाबाई वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी, नानासाहेब पेशव्यांची पत्नी. म्हणजे रास्त्यांचा भाचा पानिपतावर गेला, दुसरा भाचा माधवराव पेशवा झाला आणि पुढच्याच वर्षी वाईत हा एवढा गणपती बसला. पेशवाईतल्या वाईची भरभराट कशी झाली, हे या नात्यातून समजतं. रास्त्यांनी पुढंही बांधकामं चालू ठेवली. महालक्ष्मीचं देऊळ १७७८ सालचं, तेही आनंदरावांचं.

यानंतर घाटानं पुढं धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा आळ्या करत चला. प्रत्येक ठिकाणी देवळाचं नाव कळलंच पाहिजे असं नाही. पायऱ्यांची रुंदी, पाण्यात उतरलेले बुरूज, कपडे धुवायची घासून गुळगुळीत झालेली जागा, ओवऱ्या, छोट्या घुमट्या यांकडे लक्ष द्या. घाट देवाचा आहे तेवढाच रोजच्या वापराचाही आहे. बायका धुणं धूत असतील, कुणी दशक्रियाविधी करत असेल. तिथं कॅमेरा खाली घ्यावा.

दोन सावधगिऱ्या. पाण्यालगतच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळाचा पातळ थर असतो, तो ओला असताना काळ्या दगडावर दिसतच नाही आणि चप्पल सरकते. वरच्या कोरड्या पायऱ्यांवरूनच चाला. दुसरं, ‘रामडोह’, ‘भीमकुंड’ ही नावं उगाच नाहीत. डोह म्हणजे पात्रातली अचानक खोल जागा. काठाशी गुडघाभर पाणी असेल म्हणून पुढचं पाऊलही तसंच पडेल असं समजू नये. पोहणं टाळाच.

कधीकधी घाटावर चित्रीकरण चालू असतं आणि एखादा भाग अडवलेला असतो. अशा वेळी देवळांवर, भिंतींवर तात्पुरत्या पाट्या, रंगवलेले पडदे, खोट्या कमानी उभ्या असतात. त्यांना जुनं बांधकाम समजू नका. टिचकी मारली की पोकळ आवाज येतो.

पायरी ५ : घाटावरून आळीत वर या

नाश्ता करून आळ्यांत शिरा. इथं बघायचं ते वाडे. खाली चिरेबंदी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती, मोठ्या दारातलं छोटं दिंडी दार, आत चौक आणि भोवती सोपे (ओसऱ्या), अशी साधारण ठेवण. बरेच पडले आहेत, काहींच्या जागी इमारती आल्या आहेत, उरलेल्यांत माणसं राहतात. दार उघडं असलं तरी ते कुणाचं तरी घर आहे. बाहेरून हाक द्या, ‘चौक बघू का?’ म्हणून विचारा; नाही म्हटलं तर आभार मानून पुढं चला.

गंगापुरीत वाईची दुसरी ओळख आहे, आणि पर्यटक तिच्यापर्यंत जवळजवळ कधीच पोचत नाहीत. इथं प्राज्ञपाठशाळा आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी ती उभी केली. जुन्या पद्धतीनं शास्त्रं शिकवायची आणि नव्या काळाचे प्रश्नही अंगावर घ्यायचे, असा तिचा बाणा. विनोबा भावे तरुणपणी इथं शिकायला येऊन राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच शाळेचे विद्यार्थी. धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्राच्या संस्कृत वचनांच्या संग्रहाचं, प्रचंड काम त्यांनी इथून केलं. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, त्याचे ते पहिले अध्यक्ष, आणि मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक. त्यामुळं विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्यात न जाता वाईत आलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. मराठीतला एवढा मोठा, वीस खंडांचा ज्ञानकोश नदीकाठच्या छोट्या गावात बसून तयार झाला, ही वाईची सर्वांत मोठी गोष्ट आहे असं आमचं ठाम मत आहे.

विश्वकोशाचं ठिकाण हे कार्यालय आहे, संग्रहालय नव्हे. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत आणि विचारूनच जावं. मे महिन्यात येणार असाल तर लोकमान्य टिळकांच्या नावाच्या ग्रंथालयाच्या वसंत व्याख्यानमालेची चौकशी करा. संध्याकाळची वेळ आणि ऐकणारं गाव दोन्ही भेटेल.

पायरी ६ : दुपारनंतर मेणवली

वाईपासून सुमारे तीन किलोमीटर, नदीच्या वरच्या अंगाला. रिक्षा मिळते, ऊन नसेल तर चालतही जाता येतं. १७६८ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना दिलं आणि नानांनी इथं वाडा, घाट आणि देवळं बांधली.

आधी वाडा, मग घाट. वाड्याला सहा चौक आहेत. आत भिंतींवर जुनी चित्रं शिल्लक आहेत. अंधार असतो, पण त्यांच्यावर फ्लॅश मारू नये, रंग उडतात. वाडा खासगी मालकीचा आहे. दारावर विचारून, जे शुल्क सांगतील ते देऊन आत जावं. कधी काम किंवा चित्रीकरण चालू असलं की बंद असतो, म्हणून फक्त वाड्यासाठी लांबून येणाऱ्यांनी वाईत पोचल्यावर आधी चौकशी करावी.

वाड्याच्या मागून पायऱ्या नदीवर उतरतात. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि वाईच्या घाटांपेक्षा तो शांत, एकसंध वाटतो, कारण इथं सगळं एका माणसाच्या मनात आलेलं आणि एकाच वेळी बांधलेलं आहे. वाईचे घाट आळ्यांनी आणि पिढ्यांनी मिळून केले. दोन्ही एकाच दिवशी पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ आहे. मेणेश्वरापाशी एक मोठी घंटा टांगलेली दिसेल. ती पोर्तुगिजांची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांना वाहिल्या गेल्या; नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. ती वाजवून बघण्याची हौस बऱ्याच जणांना येते. एकदा, हलक्या हातानं ठीक. लोलक जोरानं आपटू नये.

मेणवलीला साडेतीन-चारला पोचलात तर ऊन कलतं होतं आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसता येतं. दुपारी बाराला गेलात तर पायऱ्या तव्यासारख्या.

पायरी ७ : वेळ उरला तर धोम

मेणवलीच्या पुढं, वाईपासून आठ-दहा किलोमीटरवर धोम गाव. ‘धोम’ म्हटलं की रिक्षावाला धरणावर नेतो, हा ठरलेला घोटाळा. त्याला ‘नरसिंहाच्या देवळाशी’ असं सांगा. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाचं नाव पडलं असं मानतात. इथं महादेवाच्या देवळासमोर पाण्याचं कमळाच्या आकाराचं टाकं आहे, त्यात दगडी कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी. टाक्यात पाणी असलं की नंदी घेऊन कासव पोहत असल्यासारखं दिसतं. पाणी नसेल तर कासव नुसतं बसलेलं दिसेल, म्हणून हिवाळ्याची सुरुवात बरी. शेजारी नरसिंहाचं देऊळ.

धरणाची क्षमता साडेतेरा टीएमसी (अब्ज घनफूट). जलाशयाच्या कडेचा रस्ता सुंदर आहे, पलीकडे कमळगड आणि केंजळगडाचे डोंगर दिसतात. मात्र भिंतीवर जायला मनाई असते आणि काठाचा गाळ पाय रुततो असा असतो.

मुक्काम केलात तर दुसरा दिवस

तीन पर्याय आहेत. एकाच दिवसात तिन्ही करू नका.

ज्यांना वाईचा सर्वांत जुना थर बघायचा आहे त्यांनी लोहाऱ्याची लेणी बघावीत, गावापासून सहा-सात किलोमीटर. बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या एकात आता महादेव आहे, तो पालपेश्वर. अजिंठा-कार्ल्याची अपेक्षा ठेवून आलात तर निराश व्हाल. पण रास्ते, आदिलशाही यांच्या किती तरी शतकं आधी या खोऱ्यात माणसांची ये-जा होती, हे या साध्या खोल्या दाखवतात. विजेरी जवळ ठेवा. मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून अगरबत्ती, धूर, आरडाओरडा नको.

किल्ल्यांची आवड असेल तर पांडवगड. वाईला विराटनगरी म्हणायची जुनी चाल आहे, पांडव अज्ञातवासात इथं होते असं मानून; पांडवगड, वैराटगड ही नावं त्याच कथेतली. (राजस्थानातलं बैराटही हाच मान सांगतं.) चढायला दीड-दोन तास, माणशी किमान दोन लिटर पाणी, आणि उतरताना घसाऱ्यावर धरायला काठी. सकाळी सातला पायथा सोडला पाहिजे. नंतर सावली नाही. ज्यांनी आधी काही किल्ले केले आहेत त्यांना कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा केंजळगड किंवा पोटात गेरूची खोल विहीर असलेला कमळगड जास्त आवडेल, पण तिथं वाट दाखवणारा स्थानिक माणूस सोबत घ्यावा.

तिसरा पर्याय किकली. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याचं हे गाव महामार्गाच्या पलीकडे आहे. भैरवनाथाचं जुनं, कोरीव देऊळ आणि त्याच्या आसपास मांडलेले कितीतरी वीरगळ. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळाशी वीराचं मरण, मध्ये अप्सरा त्याला नेताना, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. एवढं ठाऊक असलं की गावभर दगड बोलायला लागतात. वाईच्या परिसरात लढाया फार झाल्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते १६८७ साली वाईजवळच मोगलांशी लढताना पडले. किकलीचे दगड त्याहून जुन्या, नाव न उरलेल्या माणसांचे आहेत.

पाचगणीला वर जाणार असाल तर वाटेत पसरणी लागतं, शाहीर साबळ्यांचं गाव. आणि स्ट्रॉबेरी वाईची नव्हे, घाटमाथ्यावरची. कंदी पेढा साताऱ्याचा. हेच कुणी ‘वाईची खासियत’ म्हणून विकत असेल तर किंमत तेवढ्याच हिशेबानं द्यावी.

यात्रांचे दिवस

रंगपंचमीला शेजारच्या बावधनचं बगाड असतं. सोनेश्वरहून बैलांनी ओढत आणलेला लाकडी गाडा भैरवनाथाच्या देवळापर्यंत येतो; वर आडव्या शिडाला नवसाचा बगाड्या बांधलेला. गाडा आणि बैल यांच्या पुढं किंवा बाजूला जाऊ नये, शेताच्या उंच बांधावरून बघावं. बैल बिथरले तर गर्दीला पळायला जागा उरत नाही. त्या दिवशी वाईचे रस्ते सकाळपासून तुंबतात.

पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवला काळूबाईची यात्रा भरते आणि लाखोंचा लोंढा वाईवरून जातो. २५ जानेवारी २००५ रोजी तिथं झालेल्या चेंगराचेंगरीत शेकडो माणसं गेली. लहान मुलं, म्हातारी माणसं सोबत असतील तर यात्रेचे दिवस सोडून मांढरदेवला जावं; देवी वर्षभर तिथंच असते.

आणि दर बारा वर्षांनी येतं ते कन्यागत. गुरू कन्या राशीत शिरला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे आणि वर्षभर वाईच्या घाटांवर स्नानाला माणसं येतात. मागचं कन्यागत २०१६ साली होतं, पुढचं २०२८ च्या सुमारास. सुरुवातीच्या दिवसांत राहायला खोली मिळत नाही. मुक्काम साताऱ्यात धरावा आणि पहिल्या एसटीनं यावं.